स्वामी, राऊ, छावा : एका वाचक भगिनीची रोखठोक वही

(कामोठे येथील वाचक मेळाव्यात झालेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



कामोठे ही तशी नवी वसाहत. जुन्या गावाच्या शिवारात सिडकोने सेक्टर आखले, इमारती उभ्या राहिल्या आणि सातारा, सांगली, कोल्हापूर, कोकण अशा चारी दिशांनी कुटुंबे येऊन इथे स्थिरावली. सकाळी मानसरोवर नाही तर खांदेश्वर स्थानक गाठायचे आणि रात्री थकून परतायचे, हा बहुतेकांचा दिनक्रम. मात्र गावाकडून आलेल्या बिऱ्हाडात देव्हारा आणि पितळी डबे यांच्याबरोबर एक छोटे गाठोडे हमखास असे. त्यात 'स्वामी', 'श्रीमान योगी', 'मृत्युंजय', 'छावा' यांपैकी निदान दोन पुस्तके निघत. कुणाला ती लग्नात आहेर म्हणून मिळालेली, कुणाला शाळेत बक्षीस म्हणून. मराठी मध्यमवर्गीय घराचा इतिहास हा असा कादंबरीच्या पुठ्ठ्यात बांधलेला आहे. ही गोष्ट अभिमानाची की काळजीची, हा आजच्या बोलण्याचा विषय आहे.

पोस्टातील नोकरीतून निवृत्त झालेल्या एक वाचक भगिनी याच वसाहतीत राहतात. नाव सांगितलेले त्यांना आवडणार नाही. त्यांच्यापाशी नातवंडांच्या उरलेल्या पानांतून शिवलेली एक जाडजूड वही आहे. वाचलेल्या प्रत्येक पुस्तकाखाली त्या चार ओळी लिहितात. समीक्षकाची परिभाषा त्यांना येत नाही आणि कुणाची भीडही त्या बाळगत नाहीत. थोर लेखकाचे पुस्तक कंटाळवाणे वाटले तर तसे लिहितात. ज्या पुस्तकाला शिष्ट मंडळी नाके मुरडतात ते आवडले तर तेही लिहून टाकतात. परीक्षणांच्या गुळगुळीत भाषेला सरावलेल्या माणसाने अशी वही एकदा तरी चाळावी.

वहीतील पहिला ठाम अभिप्राय प्रेमकथांविषयी आहे, आणि तो या मासल्याच्या मेळाव्यात सहसा कुणी उघडपणे मांडत नाही. त्या म्हणतात, प्रेमाची कादंबरी वाचण्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. एके काळी गल्लीगल्लीतल्या वाचनालयांतून बायका अशाच कादंबऱ्या पदराआड लपवून आणत. ना. सी. फडके यांची वाक्ये त्यांना स्वच्छ आणि लाघवी वाटतात, जग मात्र फार तोकडे : चहाचे पेले, रूपवान नायिका, हुशार नायक, आणि घरातल्या मोलकरणीला नावसुद्धा नाही. चंद्रकांत काकोडकरांवर 'श्यामा' या कथेपायी अश्लीलतेचा खटला झाला आणि १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरवले, हे त्यांना ठाऊक आहे. तरी त्यांच्या कादंबऱ्यांबद्दलचा शेरा एका शब्दाचा आहे : 'पुरे'. योगिनी जोगळेकरांबद्दल मात्र त्यांना आदर आहे. योगिनीताई गायिका होत्या, राष्ट्र सेविका समितीच्या कामाशी त्यांचे नाते होते, आणि शंभराहून अधिक पुस्तके त्यांच्या नावावर आहेत. संसारातील प्रेम हे पहिल्या भेटीपेक्षा दहाव्या वर्षी अधिक कठीण असते, ही जाणीव त्यांच्या लेखनात आहे असे वहीत नोंदले आहे.

आपल्या विचारांच्या वर्तुळात प्रणयकथा हा विषय कधी पाश्चात्त्यांचे अनुकरण, तर कधी वेळेचा अपव्यय म्हणून बाजूला सारला जातो. ही उपेक्षा अज्ञानातून आली आहे. सातवाहन राजा हालाच्या नावावर असलेली 'गाथासप्तशती' याच भूमीच्या माहाराष्ट्री प्राकृतातील आहे. शेताच्या बांधावरचे, गोदेच्या काठचे, परदेशी गेलेल्या पतीची वाट पाहणाऱ्या स्त्रीचे शृंगारचित्र त्या सातशे गाथांत आहे. आणि ज्याला आपण 'कादंबरी' म्हणतो तो शब्द तरी कुठून आला? सातव्या शतकात सम्राट हर्षवर्धनाच्या आश्रयाला असलेल्या बाणभट्टाने एक प्रेमकथा लिहिली. तिच्या नायिकेचे नाव कादंबरी. इंग्रजीतल्या नॉव्हेलला मराठीने प्रतिशब्द दिला तो एका प्रेयसीचे नाव घेऊन. तेव्हा प्रेमकथेला परकी म्हणणाऱ्याने आधी आपला शब्दकोश उघडावा.

याच बाणभट्टाने दुसरा ग्रंथ लिहिला तो 'हर्षचरित'. एक ग्रंथ कल्पित प्रेमाचा, दुसरा प्रत्यक्ष डोळ्यांदेखतच्या राजाचा. आपल्या पूर्वसूरींनी या दोन प्रकारांना दोन नावे दिली होती. कल्पनेने रचलेली ती 'कथा' आणि घडलेल्या वृत्तान्तावर उभी ती 'आख्यायिका'. 'कादंबरी' ही कथा, 'हर्षचरित' ही आख्यायिका. दंडीसारख्या साहित्यशास्त्रकाराला हा भेद फारसा मान्य नव्हता, आणि 'हर्षचरिता'तही अलंकारांचा सुकाळ आहे, हे खरे. पण निदान वाचकाच्या हाती ग्रंथ देताना आपण काय देत आहोत हे सांगण्याची रीत होती. पुढे गंमत अशी झाली की मराठीत 'आख्यायिका' म्हणजे पुरावा नसलेली ऐकीव गोष्ट असा अर्थ रूढ झाला. ज्या शब्दात सत्याची हमी होती, त्याच शब्दात आज संशय आहे.

मराठी ऐतिहासिक कादंबरीचा प्रवास थोडक्यात पाहू, कारण वहीतील तक्रारीचे मूळ तिथेच आहे. रामचंद्र भिकाजी गुंजीकरांची 'मोचनगड' १८७१ साली पुस्तकरूपाने आली. ती मराठीतील पहिली ऐतिहासिक कादंबरी मानली जाते. त्यातील गड कल्पित, मुख्य पात्रे कल्पित, आणि शिवकाल पार्श्वभूमीला. ही पद्धत इंग्रजीत वॉल्टर स्कॉटने १८१४ च्या 'वेव्हर्ली'पासून रूढ केली होती. प्रत्यक्ष इतिहासातील थोर पुरुष कडेला उभा करायचा आणि मध्यभागी आपला मानसपुत्र आणायचा. बंगालीत बंकिमचंद्रांची १८६५ ची 'दुर्गेशनंदिनी' साधारण याच वाटेने गेली. हरि नारायण आपटे यांनी 'करमणूक' साप्ताहिकातून 'उषःकाल' लिहिली तीही याच वळणाची. परकी सत्ता डोक्यावर असताना त्या पानांतून वाचकाला स्वराज्य दिसत होते. त्या काळच्या समाजमनावर हे फार मोठे उपकार आहेत.

मात्र कल्पित पात्र एकदा लोकांच्या मनात शिरले की ते बाहेर निघत नाही. आपट्यांच्या 'गड आला पण सिंह गेला'मध्ये कमलकुमारी नावाची रजपूत स्त्री आहे. उदयभानूच्या तावडीत सापडलेल्या या स्त्रीमुळे कथेला प्रणयाची आणि सुडाची धार आली. तानाजी मालुसरे, उदयभान, ४ फेब्रुवारी १६७० ची ती रात्र, हे सारे इतिहासातले. कमलकुमारी आपट्यांची. पण शतक उलटून गेल्यावर, २०२० साली आलेल्या 'तान्हाजी' या हिंदी चित्रपटातही कमल नावाची रजपूत स्त्री उदयभानच्या कैदेत दिसते. आणखी एक गोष्ट. तानाजी पडला म्हणून कोंढाण्याचे नाव सिंहगड झाले, असे शाळेपासून आपण ऐकतो. परंतु १६६३ सालच्या शिवकालीन पत्रातच या किल्ल्याला सिंहगड म्हटलेले आहे, म्हणजे त्या रात्रीच्या सात वर्षे आधी. तानाजीच्या पराक्रमाला यामुळे यत्किंचितही बाध येत नाही. मुलाच्या लग्नाचे निमंत्रण बाजूला सारून गडावर जाणारा माणूस किल्ल्याच्या नावासाठी ताटकळलेला नाही. वहीत या नोंदीपुढे उद्गारचिन्ह आहे.

मोठा बदल झाला तो १९६२ साली. कोवाडच्या रणजित देसाईंची 'स्वामी' आली. आता ऐतिहासिक पुरुष कडेला राहिला नाही. तो मध्यभागी आला, त्याच्या महालात वाचक गेला, पतिपत्नीचे एकांतातले बोलणे त्याने ऐकले. १९६४ चा साहित्य अकादमी पुरस्कार या कादंबरीला मिळाला. नुकत्याच स्थापन झालेल्या महाराष्ट्राला आपला असा एक तरुण, निर्मळ, अकाली गेलेला नायक हवा होता, तो माधवरावांच्या रूपाने मिळाला. त्यानंतर हा चरित्रात्मक कादंबरीचा प्रवाह अखंड वाहिला : ना. सं. इनामदारांची 'राऊ', शिवाजी सावंतांची 'छावा', विश्वास पाटलांची १९८८ ची 'पानिपत'. गो. नी. दांडेकर मात्र निराळ्या वाटेने चालले. 'बया दार उघड', 'दर्याभवानी', 'झुंजार माची' यांत राजाच्या महालापेक्षा गडाखालच्या साध्या माणसांचे अंगण अधिक आहे. वाचक भगिनींचा कौल गोनीदांना आहे. त्यांचे कारणही साधे : ज्याचे बोलणे कुणीच लिहून ठेवले नाही त्याच्या तोंडी लेखकाने शब्द घातले तर कुणाचा अपराध होत नाही.

'स्वामी'विषयीचा त्यांचा अभिप्राय ऐकून पुष्कळांच्या भुवया उंचावतील. त्या म्हणतात, ही उत्तम प्रेमकादंबरी आहे आणि तिला इतिहास म्हणणे हा तिच्यावरही अन्याय आहे. रमाबाईंविषयी समकालीन कागदपत्रांत फार थोडे मिळते. वाचक ज्यांवर लुब्ध होतो ते रमा-माधवांचे कोमल संवाद देसाईंच्या लेखणीचे दान आहे. माधवरावांचे कागदोपत्री दिसणारे आयुष्य अधिक खडतर आणि, वहीच्या मते, अधिक रोमहर्षक आहे. पानिपतानंतर पाच-सहा महिन्यांत, सोळाव्या वर्षी पेशवाई अंगावर पडली. चुलत्याशी भाऊबंदकी, कर्जाचा डोंगर, दक्षिणेत हैदर, शेजारी निजाम. १० ऑगस्ट १७६३ ला राक्षसभुवनावर निजामाचा पराभव झाला. कर्नाटकात स्वारीमागून स्वारी झाली. उत्तरेत पाठवलेल्या फौजांनी १७७१ मध्ये दिल्ली हाती घेतली आणि जानेवारी १७७२ मध्ये बादशहा शाहआलम मराठ्यांच्या बळावर आपल्या राजधानीत परतला. म्हणजे पानिपताच्या रणांगणानंतर अवघ्या अकरा वर्षांत. त्याच वर्षी १८ नोव्हेंबरला थेऊर येथे क्षयाने माधवराव गेले, तेव्हा त्यांचे वय सत्तावीस. ज्या घरात 'स्वामी'ची पारायणे झाली त्या घरात राक्षसभुवन कुठे आहे असे विचारले तर किती हात वर होतील?

रमाबाईंच्या सहगमनाने 'स्वामी' संपते. इतिहासही तसाच संपतो. वहीतली ही नोंद थोडी लांब आहे आणि तिच्यात खाडाखोडही आहे. पहिल्यांदा वाचताना लेखिका ढसाढसा रडल्या होत्या. पन्नाशीनंतर पुन्हा वाचले तेव्हा रडू आले नाही, राग आला, आणि तो नेमका कुणावर हे त्यांना ठरवता येईना. त्याच शतकात १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात खंडेराव होळकर पडले तेव्हा मल्हाररावांनी सुनेला सती जाण्यापासून परावृत्त केले. ती सून म्हणजे अहिल्याबाई. पुढे १७९५ पर्यंत तिने राज्य केले, आणि काशी विश्वेश्वरापासून अनेक तीर्थक्षेत्रांचा जीर्णोद्धार तिच्या हातून झाला. शहाजीराजे गेले तेव्हा जिजाऊंनाही सहगमनापासून शिवरायांनी परावृत्त केले असे बखरकार सांगतात. कादंबरीतील चितेचे वर्णन सुंदर आहे, आणि तेच खटकते, असे त्या लिहितात. थेऊरच्या समाधीला नमस्कार करताना हात जोडावेत, पण मुलींना सांगताना अहिल्याबाईंची गोष्ट आधी सांगावी, असा त्यांच्या घरचा शिरस्ता आहे. ज्यांना हे मत अप्रिय वाटेल त्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की ते कुणा परधर्मी टीकाकाराचे नाही. रोज सांजवात लावणाऱ्या, रामरक्षा म्हणणाऱ्या घरातले आहे.

'राऊ'ची कथा आणखी वेगळी. १७२९ मध्ये छत्रसालाच्या मदतीला बाजीराव बुंदेलखंडात धावले, आणि मस्तानी त्यांच्या आयुष्यात आली ती तिथून. तिचा मुलगा समशेरबहादूर पानिपताच्या युद्धात मराठ्यांच्या बाजूने लढला आणि त्या जखमांनी गेला. एवढ्या ठिपक्यांवर इनामदारांनी आपली रांगोळी काढली. २०१५ साली त्याच कादंबरीवरून 'बाजीराव मस्तानी' हा हिंदी चित्रपट आला, आणि काशीबाई व मस्तानी एकत्र पिंगा घालू लागल्या तेव्हा महाराष्ट्रात संतापाची लाट उसळली. संताप योग्यच होता. पण वहीत एक बोचरा प्रश्न आहे : पिंग्यावर रागावलेल्यांपैकी कितीजणांना पालखेड माहीत होते? १७२८ च्या त्या मोहिमेत बाजीरावांनी तोफखाना आणि लवाजमा बाळगणाऱ्या निजामाला नुसत्या घोडदळाच्या वेगावर पाण्यावाचून कोंडले. दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिश सेनानी माँटगोमेरीने युद्धाच्या इतिहासावरील आपल्या ग्रंथात या मोहिमेचा गौरव केला आहे. मराठी घरात मात्र बाजीराव म्हटले की आधी मस्तानी आठवते. हा दोष इनामदारांचा नव्हे. त्यांनी कादंबरीच लिहिली होती. त्र्यंबकजी डेंगळ्यांवर 'झेप', दुसऱ्या बाजीरावावर 'मंत्रावेगळा', यशवंतराव होळकरांवर 'झुंज' लिहून त्यांनी इतिहासाने धिक्कारलेल्या किंवा बाजूला सारलेल्या माणसांना न्याय देण्याचा यत्न केला, आणि हे धाडस होते. त्यांची 'शिकस्त' वाचक भगिनींना 'राऊ'पेक्षा उजवी वाटते. सदाशिवरावभाऊंच्या पत्नी पार्वतीबाईंनी पती पानिपतावर गेला हे अखेरपर्यंत मानलेच नाही. तोतया आला, त्याचे बंड झाले, १७७६ मध्ये त्याला देहान्त शिक्षा झाली, आणि ही बाई तशीच वाट पाहत राहिली. इथे लेखकाला प्रणय कल्पावा लागत नाही, तो दप्तरातच आहे.

विलायतेत 'ऐतिहासिक प्रणयकथा' या नावाचे स्वतंत्र कपाट असते. मिल्स अँड बून ही १९०८ साली लंडनमध्ये निघालेली प्रकाशनसंस्था तर प्रेमकथांवरच जगली. नव्या पिढीतल्या मुली इंग्रजीतून त्या वाचतात, आणि वहीच्या मालकिणीने नातीकडून दोन-तीन मागून वाचल्याही. त्यांचे निरीक्षण मार्मिक आहे. तिथला उमराव कल्पित, वाडा कल्पित, घराणे कल्पित, फक्त झगे आणि घोडागाड्या खऱ्या. त्यामुळे ते पुस्तक मिटल्यावर कुणी त्याला इतिहास मानत नाही. आपल्याकडे उलटा प्रकार आहे. नायक खरा, त्याची गादी खरी, त्याचे वंशज आजही आपल्यात नांदत आहेत, आणि त्याच्या शयनगृहातले बोलणे तेवढे कल्पित. वाचकाने हा सांधा ओळखायचा कसा?

हा प्रश्न केवळ वाङ्मयाचा राहत नाही, हे २०२५ साली कामोठ्यात एका घराला कळले. फेब्रुवारीत 'छावा' कादंबरीवरचा त्याच नावाचा चित्रपट आला. थिएटरात शंभूराजांचा जयघोष झाला, लोक रडत बाहेर पडले. छत्रपती संभाजी महाराजांनी सोसलेल्या यातना आणि तरीही न सोडलेला धर्म पडद्यावर पाहून नवी पिढी हलली, ही मोलाची गोष्ट झाली. पण चित्रपटात गणोजी आणि कान्होजी शिर्के यांनी फितुरी केल्याचे दाखवले होते. शिर्के घराण्यातील मंडळींनी आक्षेप घेतला आणि दिग्दर्शकाने दिलगिरी व्यक्त केली, हे वर्तमानपत्रांत आले. वर्तमानपत्रांत आले नाही ते असे, की इथल्या एका शाळेत याच आडनावाच्या एका मुलाला वर्गातल्या पोरांनी गद्दार म्हणून डिवचले. पोरे चौदा वर्षांची, आणि त्यांत या वाचक भगिनींचा नातूही होता.

आजीबाईंनी आरडाओरडा केला नाही. त्यांनी नातवाला विचारले, येसूबाई कोण? महाराजांची राणी, तो म्हणाला. माहेरचे आडनाव? त्याला माहीत नव्हते. येसूबाई शिर्क्यांच्या. शृंगारपूरच्या पिलाजीराव शिर्क्यांची लेक, आणि गणोजी तिचा सख्खा भाऊ. त्याच गणोजीला शिवछत्रपतींनी आपली मुलगी राजकुंवर दिली होती. ११ मार्च १६८९ ला शंभूराजांची हत्या झाली. पदरी लहान शाहू, रायगडाला झुल्फिकारखानाचा वेढा. अशा वेळी पतीचे सिंहासन आपल्या मुलासाठी अडवून न धरता राजारामांना पुढे करणारी आणि गड सोडून जाण्याचा सल्ला देणारी ती येसूबाई. राजाराम जिंजीला पोहोचले आणि राज्य जगले. गड पडल्यावर ती मोगलांच्या कैदेत गेली, ती १७१९ मध्ये सुटून परत आली. सुमारे तीस वर्षे! आडनावावरून निष्ठा मोजायची तर हा त्याग कुठल्या आडनावाच्या खात्यावर लिहायचा?

फितुरी नेमकी कोणी केली, याबद्दल इतिहासकारांत आजही एकमत नाही. मोगल, मराठी आणि परदेशी साधने निरनिराळी माहिती देतात. कादंबरीकाराला मात्र एकमत होईपर्यंत थांबता येत नाही. त्याला खलनायक लागतोच. चित्रपटाला तर मध्यांतरापूर्वीच लागतो. हे त्या त्या माध्यमाचे स्वरूप आहे आणि ते समजून घेतले पाहिजे. पण पुरावा अर्धवट असताना ठाम दोषारोप पडद्यावर जातो, आणि तिथून शाळेच्या वर्गात जातो, तेव्हा तो भोगतो एक अजाण मुलगा. हिंदू समाज एकसंध व्हावा म्हणून ज्या शंभूराजांचे स्मरण आपण करतो, त्यांच्याच नावाने एका हिंदू मुलाला वाळीत टाकण्याचा हा प्रकार होता. संघटनेचे काम करणाऱ्यांनी हे निवांतपणे मनात घोळवावे. शत्रूने घातलेल्या फुटीविषयी आपण पुष्कळ बोलतो. ही फूट आपण घातली होती, आणि तीही भक्तिभावाने.

इथे वा. सी. बेंद्रे यांचे नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. एके काळी मराठी रंगभूमीवर आणि कथा-कादंबऱ्यांत संभाजी महाराज व्यसनी, बेजबाबदार असे रंगवले जात होते. कुणी दुष्टपणाने हे केले असे नाही. उत्तरकालीन बखरींवर विसंबून लेखकांनी नाट्य उभे केले आणि प्रेक्षकांनी तेच खरे मानले. बेंद्र्यांनी आयुष्याची दशके घालवून कागदपत्रे गोळा केली आणि १९६० साली 'छत्रपती संभाजी महाराज' हा चरित्रग्रंथ सिद्ध केला. पुढे डॉ. कमल गोखले यांनी 'शिवपुत्र संभाजी' लिहून त्या कामाला बळकटी दिली. त्यानंतर सावंतांची 'छावा' आली आणि चित्रपट तर फार पुढे. म्हणजे आधी एका कल्पनेने राजाला बदनाम केले, संशोधकाने त्याला सोडवले, आणि मग दुसऱ्या कल्पनेने त्याला घरोघर नेले. या तिघांत टाळ्या कुणाला मिळाल्या हे सांगायला नको. 'छावा'च्या प्रती घरोघर आहेत. बेंद्र्यांचा ग्रंथ असलेले घर या मेळाव्यात एखादेच निघेल.

'श्रीमान योगी'च्या बाबतीतही वहीतील निरीक्षण असेच आहे. या कादंबरीला नरहर कुरुंदकरांचे दीर्घ पत्र प्रस्तावना म्हणून जोडलेले आहे. शिवचरित्रातील कोणते दुवे पक्के, कोणते कच्चे, याची सडेतोड चर्चा त्यात आहे. कुरुंदकर विचाराने समाजवादी, आपल्या संघटनेचे कठोर टीकाकार. तरी वाचक भगिनींनी स्पष्ट लिहिले आहे की हे पुस्तक पुन्हा वाचायची वेळ आली तर त्या प्रस्तावनाच वाचतील. बहुतेक वाचक ती ओलांडून थेट पहिल्या प्रकरणावर उडी घेतात.

आणि आपल्या माणसांविषयी? तिथेही वही मऊ होत नाही. एस. एल. भैरप्पा यांची २००७ मधील कन्नड 'आवरण' उमा कुलकर्णी यांच्या अनुवादामुळे मराठीत आली आणि आपल्या वर्तुळात तिचे मोठे स्वागत झाले. त्या कादंबरीची नायिका स्वतः इतिहासावर कादंबरी लिहिते आणि आधाराला घेतलेल्या ग्रंथांची यादी देते. हा प्रामाणिकपणा अनुकरणीय आहे असे वहीत म्हटले आहे. त्याच्याच खाली दुसरी ओळ आहे : पात्रे माणसांसारखी बोलण्याऐवजी व्याख्यान देऊ लागली की पाने उलटावीशी वाटतात. भैरप्पांचे २०२५ मध्ये निधन झाले. त्यांच्या 'पर्व'ला आणि 'वंशवृक्षा'ला त्यांनी पैकीच्या पैकी गुण दिले आहेत, तेव्हा हा आकस नव्हे. विचार पटला म्हणून कथा चांगली ठरत नाही, इतकाच त्याचा अर्थ.

नातवाच्या प्रकरणानंतर त्या घरात दोन गोष्टी झाल्या. आजी आणि नातू मिळून त्या मुलाच्या घरी गेले. काय बोलणे झाले ते वहीत नाही. आणि कपाटात पुस्तकांची मांडणी बदलली. पूर्वी लेखकांप्रमाणे असलेली पुस्तके आता विषयांप्रमाणे लागली आहेत. 'छावा'च्या शेजारी कमल गोखले, 'स्वामी'च्या शेजारी सरदेसाईंची रियासत, विश्वास पाटलांच्या 'पानिपत'शेजारी त्र्यंबक शंकर शेजवलकरांचे 'पानिपत : १७६१'. शेजवलकरांचा ग्रंथ जुन्या पुस्तकांच्या दुकानातून आला. त्याची पाने पिवळी पडली आहेत. उन्हाळ्याच्या सुट्टीत नातवाने तो वाचायला घेतला. पहिल्या पन्नास पानांत त्याला नीट झोप लागली असे आजींनी नमूद केले आहे. पण पाटलांच्या कादंबरीत एका रात्रीत संपणारी उपासमार शेजवलकरांकडे महिनोन्महिने कशी चालते, कुंजपुऱ्यापासून यमुनेपर्यंत रसद कुठे कुठे तुटली, हे तो आता नकाशावर बोट ठेवून दाखवतो. कादंबरीतला भाऊसाहेब त्याला अजूनही अधिक आवडतो. वहीत त्यालाही जागा मिळाली आहे : शेवटच्या पानांवर त्याच्या अक्षरात चार ओळी आहेत, आणि शेजवलकरांची वाक्ये फार लांब असतात ही त्यातली पहिली.